तपकिरी अंग, लाल साडी, हिरवा पोपट : चित्रातले रंग काम कसं करतात

थोटा वैकुंठम यांच्या चित्रातली बाई ओळखायला कोपऱ्यातली सही शोधावी लागत नाही. भरलेलं अंग, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यात फुलं, लालभडक किंवा केशरी साडी, गळाभर दागिने आणि पुष्कळदा जवळच एखादा हिरवा पोपट. वैकुंठम १९४२ साली तेलंगणातल्या बुरुगुपल्ली गावी जन्मले. हैदराबादला आणि नंतर बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकले, आणि पुढे आपल्या मुलखातल्या माणसांची, त्यातही बायांची चित्रं काढत राहिले.

सोलापुरात हे चित्र बघणाऱ्याला ती बाई लांबची वाटत नाही. इथल्या पूर्व भागातले पद्मशाली विणकर पिढ्यांपूर्वी तेलंगणातूनच आले. घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी असं त्यांचं रोजचं बोलणं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या बायकांच्या साड्या नुसत्या रंग म्हणून बघा, वैकुंठम यांचे बरेचसे रंग तिथेच सापडतील.

या चित्रांबद्दल एक साधा प्रश्न घेऊ. त्या बाईचं अंग गडद तपकिरी रंगवलेलं असतं. तपकिरी पोस्टर कलर ट्यूबमधून काढून पांढऱ्या ताटलीत ठेवला, तर तो मळकट दिसतो. चित्रात मात्र तोच रंग ऊबदार, जिवंत कातडीचा का वाटतो? या एका प्रश्नाच्या उत्तरात स्त्री आणि निसर्ग यांची रंगीत चित्रं काढणाऱ्या बऱ्याच चित्रकारांची कामाची पद्धत उलगडते. म्हणून जरा सावकाश जाऊ.

शेजारी कोण आहे ते बघा

इंद्रधनुष्यात तांबडा आहे, नारिंगी आहे, पिवळा आहे, तपकिरी नाही. तपकिरी म्हणजे आजूबाजूच्या उजेडापेक्षा अंधुक असलेला नारिंगी. घरी करून बघता येतं. चांगल्या उजेडात एखादी तपकिरी वस्तू ठेवा, काळ्या कागदाची सुरळी करून डोळ्याला लावा आणि तिच्यातून त्या वस्तूचा फक्त एक ठिपका बघा. आजूबाजूचं काही दिसेनासं झालं की तपकिरी हळूहळू नारिंगीकडे सरकतो. सुरळी काढली की पुन्हा तपकिरी. वस्तू तीच, उजेड तोच, फक्त शेजार गेला आणि आला.

आता वैकुंठम यांची केशरी साडी आणि तपकिरी अंग परत आठवा. दोन्ही एकाच घराण्यातले रंग, एक उजळ आणि एक अंधुक. म्हणून ते एकमेकांत बेमालूम बसतात. त्यात हिरवा पोपट आला की तपकिरीतली तांबूस छटा वर येते, कारण हिरवा आपल्या शेजाऱ्याला तांबड्याकडे ढकलतो. ट्यूबमधल्या रंगात नसलेली ऊब अशी शेजाऱ्यांकडून मिळते.

हा नियम नीट मांडला गेला तो कापडाच्या कारखान्यात, आणि गिरणगाव म्हणून वाढलेल्या आपल्या शहराला ही गोष्ट माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा चित्रपट्टे विणणारा प्रसिद्ध कारखाना आहे. १८२४ साली मिशेल यूजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे तक्रारी आल्या. त्यातली एक अशी, की निळ्या-जांभळ्या कापडात सावलीसाठी वापरलेलं काळं सूत फिकं पडतंय, काळेपणाच नाही त्याला. शेव्रल यांनी दुसरीकडचं काळं सूत आणून शेजारी ठेवून पाहिलं. गोबलँचं सूत कुठंच कमी नव्हतं, रंगाई व्यवस्थित होती. दोष सुताच्या शेजारात होता. निळ्याच्या संगतीत काळ्यावर निळ्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगीची, पुसट झाक चढत होती आणि काळा विटल्यासारखा दिसत होता. पुढे कित्येक वर्षं त्यांनी जोड्या लावून पाहिल्या आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा गाभा असा : दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. उजळाशेजारी गडद आणखी गडद होतो, आणि प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा दिली असेल तर रंगचक्र आठवत असेल. लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. तेव्हा ते पाठ करून टाकलं जातं. पण ती समोरासमोरची मांडणी काही कुणाच्या आवडीनिवडीतून आलेली नाही, तिचं मूळ आपल्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांच्याकडून आलेली माहिती मेंदूकडे जाताना तिची तुलना होते : लाल जास्त की हिरवा, निळा जास्त की पिवळा, उजेड जास्त की अंधार. मेंदूपर्यंत पोचतो तो फरक. कुंकवाच्या रंगाच्या कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. भिंतीवर निळसर हिरवा डाग तरंगताना दिसेल. लाल ओळखणाऱ्या पेशी थोड्या थकल्या, तराजू दुसरीकडे झुकला.

जेकार्डच्या मागावर विणलेली सोलापुरी चादर दिवसाउजेडी पसरून बघा. एकच मरून धागा पांढऱ्या भागाला लागून वेगळा दिसतो आणि काळ्या भागाला लागून वेगळा. धूपछाव लुगड्यात तर याच्याही पुढची पायरी आहे. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, आणि लांबून दिसतो तो तिसराच. ठिपके किंवा रेघा जवळजवळ मांडून डोळ्यातच रंग मिसळायला लावण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या चित्रकारांनी शेव्रल यांच्या नियमांचा आधार घेऊन कॅनव्हासवर आणली. विणकराच्या हातात ती त्याआधी कितीतरी काळ होती. शेव्रल यांचं नाव न ऐकता लुगड्याच्या अंगाला काठ कुठला द्यायचा हे अचूक सांगणारी माणसं या शहरात आहेत, आणि त्यांच्या नजरेला चित्रकलेच्या वर्गातल्या नजरेपेक्षा कमी लेखायचं काहीच कारण नाही.

रंग एक, उजळपणा दुसरा

चित्र बघताना आपण 'रंग' म्हणतो त्यात दोन-तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक, तो लाल आहे की निळा. दोन, तो किती उजळ किंवा गडद आहे. चित्रकलेच्या वर्गात याला टोन म्हणतात. तीन, तो किती चोख आहे, म्हणजे भडक की मंदावलेला. यातला टोन वेगळा काढायला आज फार सोपं झालंय. मोबाइलमधल्या चित्राच्या फोटोतला रंग काढून तो कृष्णधवल करा. भडक लाल आणि भडक हिरवा पुष्कळदा जवळजवळ एकाच राखाडीत जातात. रंग अगदी विरुद्ध, पण उजळपणा सारखा.

असे दोन रंग थेट एकमेकांना भिडले की त्यांची कड डोळ्यांपुढे थरथरते. वस्तू कुठे आहे, किती पुढे, किती मागे, हे ठरवताना मेंदू मुख्यतः उजळपणाच्या फरकावर विसंबतो. तो फरकच नसेल तर कडेची जागा पक्की होत नाही. काही चित्रकार ही थरथर मुद्दाम ठेवतात. वैकुंठम यांच्यासारखे रेषेवर प्रेम करणारे चित्रकार ती बांधून घेतात : मध्ये गडद रेघ, काळेभोर केस, साडीचा काठ, दागिन्यांची माळ. दोन भडक रंगांना वेगळं ठेवणारी ही गडद किंवा फिकी पट्टी आली की दोन्ही आपापल्या जागी शांत बसतात आणि तरी पूर्ण ताकदीनं बोलतात. दागिने नुसते शोभेला काढलेत असं वाटत असेल तर ते बोटानं झाकून बघा. गळ्याशी अंग आणि चोळी एकमेकांवर आदळतील.

उजेड बदलला की हा सगळा हिशेब बदलतो. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून हे बघण्यासारखं आहे. दिवस मावळताना लाल साडी आधी काळवंडते, झाडांचा हिरवा आणि पाण्याचा निळा मात्र बराच वेळ टिकून राहतो, उलट जरा उजळल्यासारखा वाटतो. कमी उजेडात डोळ्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी काम हाती घेतात आणि त्यांना लाल जवळपास दिसतच नाही. यान पुर्किंये या चेक शास्त्रज्ञानं हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, म्हणून त्याला त्याचं नाव आहे. तांबड्या-केशरी रंगांचं चित्र दिवाणखान्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात का मरतं, याचं उत्तर इथं आहे.

हिरवं रंगवणं सोपं नाही

निसर्ग म्हटला की हिरवा, आणि नवशिक्या माणसाचं चित्र बहुतेक वेळा हिरव्यापाशीच बिघडतं. पानातलं हरितद्रव्य प्रकाशातला निळा आणि तांबडा भाग शोषतं, मधला हिरवा परत येतो. पण त्याच्यासोबत पिवळाही बराच येतो, आणि पानामागून ऊन आलं तर पान सरळ पोपटी-पिवळं होतं. ट्यूबमधला तयार हिरवा मात्र थंड, निळसर आणि फार चोख असतो. तो तसाच फासला की झाड प्लॅस्टिकचं वाटतं. म्हणून जाणकार हात त्यात थोडा तांबडा किंवा गेरू मिसळतात. विरुद्ध रंगाच्या चिमटीनं हिरव्याचा भडकपणा मावळतो. आणि तोच तांबडा बाईच्या साडीत असेल तर बाई आणि झाड यांच्यात न दिसणारा धागा बांधला जातो. चित्रात बाई आणि निसर्ग एकजीव वाटतात तेव्हा कारण अनेकदा एवढं साधं असतं : दोघांच्या रंगात एकमेकांचा थोडा थोडा अंश कालवलेला असतो.

आपल्याकडचा हिरवा तर आणखी वेगळा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणातला गर्द हिरवा इथं नाही. रब्बीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभी असलेली ज्वारी निळसर हिरवी असते, कणसं भरली की फिकट सोनेरी होत जाते, आणि उन्हाळ्यात बाभळीचा धुळकट हिरवा तेवढा उरतो. या मुलखाचं चित्र काढताना कॅलेंडरवरचा हिरवा वापरला की ते खोटं पडतं. इथल्या बायांच्या अंगावरचे लाल, हिरवे, पिवळे इतके चोख का, याचं माझ्यापुरतं उत्तर या कोरड्या जमिनीत आहे. भोवताल मातकट असला की चोख रंगाचा एक तुकडाही मैलभरावरून उठून दिसतो. चित्रकाराला ही देणगी आयती मिळते.

दख्खनच्या याच काळ्या दगडात एक हिरवी माती सापडते, आणि अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरव्यासाठी तीच जातीची माती वापरली. त्यांचे बहुतेक रंग असे मातीतले : गेरू, पिवळी माती, चुना, काजळी. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा. अमृता शेरगिल १९३६ च्या सुमाराला अजिंठा बघून आली आणि १९३७ साली तिनं दक्षिण भारतातल्या माणसांची तीन मोठी चित्रं काढली. युरोपात शिकलेल्या या मुलीच्या चित्रांत त्यानंतर सावळ्या अंगांचे तपकिरी, मातकट लाल आणि मोठे सपाट आकार आले ते तिथूनच. आजचा कुणी चित्रकार सावळ्या बाईला भडक रंगांच्या मधोमध बसवतो तेव्हा त्याच्या पाठीमागे ही सगळी वाट आहे.

काळ्या कागदावरची बाई

आपल्या जिल्ह्यातल्या चित्रकाराचं उदाहरण घेतल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काम करतात, आणि त्यांचा मुख्य विषय आहे ग्रामीण घरातली बाई. पांढऱ्या कागदावर आपण उजेडापासून सुरू करून अंधार भरत जातो. काळ्या कागदावर सगळं उलटं. अंधार आधीच तयार, चित्रकार फक्त उजेड पडलेली जागा रंगवतो : खांदा, साडीची चुणी, बांगडीची कड. जिथं पेन्सिल फिरलेली नाही ती जागा सावली होते.

रंगीत पेन्सिलीत रंगाची पूड मेणात किंवा तेलात बांधलेली असते. कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर ती घासली की वरच्या कणांना रंग लागतो आणि खोलगट जागी काळा कागद तसाच राहतो. त्यामुळे प्रत्येक रंगात काळ्याची बारीक जाळी शिल्लक असते. त्यावर दुसऱ्या, तिसऱ्या रंगाचे हलके थर द्यायचे. घाई केली, जोर लावला, की कागदाची खरखर बुजते आणि पुढचा थर बसत नाही. साडीचा पोत खरा वाटेपर्यंत हे चालू ठेवणं हे अपार धीराचं काम आहे. आणि भोवती काळा असल्यामुळे शेव्रल यांचा नियम इथंही लागू : अगदी साधा, मंद पिवळाही तिथं दिव्याच्या उजेडासारखा दिसतो.

वैकुंठम आणि धोत्रे यांची चित्रं शेजारी ठेवली तर एकाच मुलखातल्या बायांना दोन टोकांनी भेटल्यासारखं होतं. एकात सावली जवळजवळ नाही, सगळं रंगावर आणि रेषेवर. दुसऱ्यात सावलीच पाया.

तिसरी वाट बी. प्रभा यांची. नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली जन्मलेल्या आणि २००१ साली गेलेल्या या चित्रकर्तीनं कष्टकरी बाया, कोळिणी, टोपल्या घेतलेल्या बायका लांब, शिडशिडीत आकारांत रंगवल्या आणि एका कॅनव्हासवर एकाच रंगाची सत्ता ठेवली. सगळं चित्र निळं, किंवा सगळं विटकरी. विरोध कमी ठेवल्यानं मन एका भावावर थांबतं. भडक रंगांचा उत्सव बघून झाल्यावर तिची चित्रं जरूर बघावीत. रंग कमी करणं हीसुद्धा रंगाचीच जाण आहे.

बाई की सजावट?

स्त्री आणि निसर्ग या जोडीत एक धोका आहे आणि तो टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही. बाईला वेल म्हणायचं, चेहऱ्याला कमळ म्हणायचं, आणि मग तिला फुलापानांत फूल म्हणून बसवायचं, ही सवय आपल्याकडे कवितेत आणि चित्रांत फार जुनी आहे. अशा चित्रात बाई काय करते, काय विचार करते, याला जागा राहत नाही. ती रंगसंगतीचा भाग होते.

चित्र त्या बाजूला गेलंय की नाही हे ओळखायला रंगच मदत करतात. डोळे बारीक करून चित्राकडे बघा. तपशील पुसट झाले की सर्वांत मोठा विरोध, म्हणजे सर्वांत उजळाशेजारी सर्वांत गडद, कुठे आहे ते लगेच दिसतं. चित्रकारानं तुमची नजर आधी तिथं न्यायची ठरवलेली असते. तो विरोध चेहऱ्यापाशी किंवा हातांपाशी असेल तर बाई चित्राची धनीण आहे. फुलं, मोर, पदर यांत तो विखुरला असेल आणि चेहरा मधल्या राखाडीत गेला असेल, तर ती सजावट झाली. दर वेळी हा नियम लागेल असं नाही, पण मला तो फार उपयोगी वाटतो. वैकुंठम यांच्याकडे निसर्गाचं दृश्य जवळपास नसतंच, पार्श्वभूमी सपाट असते. निसर्ग येतो तो बाईच्या अंगावर : केसांतलं फूल, हातावरचा पोपट, कपाळावरचं कुंकू. तो तिच्या मालकीचा असतो. धोत्रे यांच्या पुष्कळ चित्रांतली बाई आपल्याकडे बघतही नाही, तिचं तिचं काहीतरी चाललेलं असतं. या दोन्ही गोष्टी मला मोलाच्या वाटतात.

कुंकवावरून आठवलं. पूर्वी कुंकू हळदीपासूनच करत. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, म्हणजे पिवळा आणि लाल हे दोन्ही एकाच गड्ड्यातून निघतात. पण हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग धुऊन उन्हात टाकला की जातो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. चित्रकार म्हणूनच हळद वापरत नाहीत. न विरघळणारे, खनिजांपासून किंवा कारखान्यात केलेले रंगकण ते वापरतात, आणि त्यांतही टिकाऊपणा सारखा नसतो. गेरू आणि पिवळी माती शतकानुशतकं टिकतात. काही गुलाबी आणि जांभळे रंग मात्र काही वर्षांतच उडतात, आणि स्वस्त छापील प्रतींची शाई त्याहूनही लवकर जाते.

सोलापूरच्या घरात चित्र लावणार असाल तर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं त्याच्या समोरची भिंत टाळा. एप्रिल-मेच्या उन्हात तिथला गुलाबी आधी जाईल. उत्तरेकडून उजेड येणारी खोली सर्वांत चांगली, कारण तिथं दिवसभर उजेड असतो पण थेट ऊन क्वचितच. दिवा लावायचा तर पिवळसर बल्बखाली निळे आणि हिरवे मंदावतात आणि लाल-केशरी उठून येतात. वैकुंठम यांच्या प्रतीला तो चालेल, बी. प्रभा यांच्या निळ्या चित्राच्या प्रतीला नाही. आणि मोबाइलवर बघून प्रत मागवताना एवढं ध्यानात ठेवा, की पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद मात्र खोलीतलाच उजेड परत देतो. घरी आलेली प्रत पडद्यापेक्षा मंदच दिसणार, त्यात छापणाऱ्याची चूक असेलच असं नाही.